यूएसबीवर लिनक्स टाकताना बूटलोडर लागतो का? उत्तरांआधी प्रश्न तपासूया

ज्यांना संशोधनासाठी लिनक्स हवं असतं पण लॅपटॉपवरच्या विंडोजला हात लावायचा नसतो, त्यांच्याकडून एक प्रश्न नेहमी येतो. पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या एसएसडीवर पूर्ण लिनक्स इन्स्टॉल करायचं असेल, तर त्यावर बूटलोडर टाकावा लागतो का?

यावर साधारण तीन उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं, "लागतोच, त्याशिवाय काही सुरू होत नाही." दुसरं, "आता यूईएफआय आलंय, काही गरज नाही." तिसरं, "तुझ्या लॅपटॉपमध्ये ग्रब आधीच आहे ना, मग पेनड्राइव्हवर वेगळा कशाला?" गंमत म्हणजे ही तिन्ही उत्तरं देणारे लोक अनुभवी असतात, आणि प्रत्येकाच्या मशीनवर त्याचं उत्तर खरं ठरलेलं असतं. तरीही त्यातलं एखादं उत्तर उचलून तुम्ही कामाला लागलात, तर तुमच्या मशीनवर ते फसू शकतं.

फसलं तर काय होतं? इन्स्टॉलेशन नीट पार पडतं. पेनड्राइव्ह लावून लिनक्स छान चालतं. मग पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केला, की विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. तोच पेनड्राइव्ह लॅबमधल्या मशीनला लावला, तर तिथे तो ओळखलाच जात नाही. सिनॉप्सिस जमा करायला दोन दिवस उरलेले असताना हे झालं, तर माणूस घाबरून डिस्क फॉरमॅट करण्यापर्यंत जातो, आणि खरं नुकसान तिथे होतं.

म्हणून या लेखात त्या तीन उत्तरांची आणि इन्स्टॉलरमधल्या एका ओळीची चिकित्सा करतोय. विषय तांत्रिक आहे, पण पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या, अजून विषय शोधणाऱ्या वाचकांनीही शेवटपर्यंत वाचावं. "सॅम्पल पुरेसा आहे का?", "ही टेस्ट चालेल का?" हे आपले नेहमीचे प्रश्नही याच साच्यातले असतात. अटी न सांगता विचारलेल्या प्रश्नाला तितकीच अटी न सांगणारी उत्तरं मिळतात.

आधी काम कोणतं ते बघू

बूटलोडर ही एक वस्तू आहे असं समजून आपण "लागतो का" विचारतो. त्याऐवजी ते एक काम आहे असं धरून बघा.

पॉवर बटण दाबल्यावर सगळ्यात आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. शेवटी लिनक्सचा कर्नल चालू व्हायला हवा. या दोन टोकांच्या मध्ये तीन गोष्टी कोणीतरी कराव्या लागतात. एक, कर्नलची फाइल कुठल्या डिस्कवर, कुठल्या पार्टिशनमध्ये आहे ते शोधणं. दोन, ती फाइल मेमरीत आणणं. सोबत बहुतेक वेळा इनिट-रॅमडिस्क नावाची दुसरी फाइलही आणावी लागते. खरी फाइल सिस्टीम उघडायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. तीन, कर्नलला सूचना देणं, त्यातली मुख्य म्हणजे "तुझी रूट फाइल सिस्टीम अमुक ठिकाणी आहे."

ही तीन कामं टाळता येत नाहीत. ती कोणी करायची आणि करणारा कुठे बसलेला असेल, एवढंच बदलतं. आता तिन्ही उत्तरं या मापाने तपासू.

पहिलं उत्तर: "लागतोच"

हे उत्तर बायोसच्या काळातून आलेलं आहे आणि त्या काळापुरतं ते पक्कं आहे. जुन्या बायोसला फाइल म्हणजे काय हे कळत नाही. तो डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत आणतो आणि तिथला कोड चालवायला घेतो. या ५१२ पैकी ६४ बाइट पार्टिशन टेबलला जातात, २ बाइट खूण म्हणून असतात आणि कोडसाठी ४४६ उरतात. एवढ्याशा जागेत कर्नल शोधणारा प्रोग्रॅम मावत नाही. त्यामुळे ग्रबचा पहिला तुकडा या सेक्टरमध्ये असतो, दुसरा मोठा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत, आणि बाकीचा भाग बूट फोल्डरात. डिस्कवर जीपीटी पद्धतीचं पार्टिशनिंग असेल तर दुसऱ्या तुकड्यासाठी १ एमबीचं वेगळं छोटं पार्टिशन ठेवतात.

म्हणजे तुमच्या लॅबमधलं मशीन फक्त जुन्या पद्धतीने बूट होत असेल, तर पेनड्राइव्हवर बूटलोडर हवाच. इथे वाद नाही.

पण "बूटलोडरशिवाय काही सुरूच होत नाही" असं सरसकट म्हटलं, की ते विधान इतिहासातच मोडतं. जुन्या लिनक्स कर्नलच्या फाइलच्या सुरुवातीला स्वतःचा बूट सेक्टर असायचा. फाइल जशीच्या तशी फ्लॉपीवर उतरवली की फ्लॉपीवरून थेट कर्नल सुरू व्हायचा, वेगळा बूटलोडर लागायचा नाही. २००३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.६ मालिकेत ही सोय काढून टाकली. तेव्हापासून कोणी तसा प्रयत्न केला तर बूटलोडर वापरा असा संदेश यायचा. म्हणजे "बूटलोडर लागतोच" हा निसर्गनियम नव्हता. कर्नल लिहिणाऱ्यांनी घेतलेला तो निर्णय होता.

दुसरं उदाहरण रास्पबेरी पायचं. त्यावर ग्रब नसतो. पाय ४ मध्ये बोर्डवरच्या एका चिपमध्ये बूटलोडर बसवलेला असतो. तो कार्डवरच्या किंवा यूएसबीवरच्या फॅट पार्टिशनमधून फाइली उचलतो आणि कर्नल सुरू करतो. कर्नलला द्यायच्या सूचना त्याच पार्टिशनमधल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. इथे यूएसबीवर तुम्ही बूटलोडर "इन्स्टॉल" करत नाही, पण ते काम करणारा कोणीतरी बोर्डवर बसलेला असतोच.

दुसरं उत्तर: "यूईएफआय आहे, गरज नाही"

हे उत्तर देणाऱ्याला तांत्रिक माहिती जास्त असते, म्हणून ते जास्त पटतं. त्यात तथ्यही आहे. यूईएफआय फर्मवेअरला फॅट फाइल सिस्टीम वाचता येते. ईएसपी नावाच्या खास पार्टिशनमधली, डॉट ईएफआय असा शेवट असलेली फाइल ते थेट चालवू शकतं. मार्च २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.३ पासून कर्नललाच अशा ईएफआय प्रोग्रॅमचं रूप देता येतं. मग फर्मवेअर थेट कर्नल चालवतं आणि मधला ग्रब गळून पडतो.

पण आपली तीन कामं आठवा. शोधणं आणि मेमरीत आणणं ही दोन कामं फर्मवेअरने घेतली. तिसरं काम, सूचना देण्याचं, कोण करणार? लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर लिनक्स असेल तर त्या सूचना फर्मवेअरच्या बूट नोंदीत लिहून ठेवता येतात. ही नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत राहते. नेमकी इथेच यूएसबीची गोष्ट वेगळी होते. पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावला की तो एकटाच जातो, नोंद पहिल्या लॅपटॉपमध्येच राहते.

नोंद नसली तर फर्मवेअर एका ठरलेल्या ठिकाणी बघतं. ईएसपीमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात बूट नावाचं फोल्डर आणि त्यात, नेहमीच्या ६४ बिट इंटेल किंवा एएमडी मशीनसाठी, बूटएक्स६४ नावाची ईएफआय फाइल. काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हसाठी हाच मार्ग ठरवून दिलेला आहे. मात्र या मार्गाने फाइल चालवताना फर्मवेअर तिला कुठल्याही सूचना देत नाही. नुसता कर्नल त्या नावाने ठेवला, तर तो सुरू होईल आणि आपली रूट फाइल सिस्टीम कुठे आहे हे न कळून थांबेल.

यावर उपाय आहे. कर्नल, इनिट-रॅमडिस्क आणि सूचना एकाच ईएफआय फाइलमध्ये बांधायच्या. अशा फाइलला युनिफाइड कर्नल इमेज म्हणतात. ती त्या ठरलेल्या जागी ठेवली की पेनड्राइव्ह ग्रबशिवाय चालतो. म्हणजे दुसरं उत्तर खरं करून दाखवता येतं, पण त्यासाठी मुद्दाम मेहनत घ्यावी लागते. नेहमीच्या इन्स्टॉलरने ते आपोआप होईल असं धरून चालणं ही चूक ठरेल.

शिवाय सिक्युअर बूट आहे. तो चालू असेल तर फर्मवेअर ओळखीची सही असलेलीच फाइल चालवतं. बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच असतात, म्हणून मोठ्या डिस्ट्रो मायक्रोसॉफ्टची सही असलेला शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम पुढे ठेवतात. शिम पुढे ग्रब तपासतो, आणि मग कर्नलची सही तपासली जाते. तुम्ही घरी बांधलेल्या इमेजवर अशी सही नसते. स्वतःच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट बंद करता येतो किंवा आपली किल्ली घालता येते. डिपार्टमेंटच्या मशीनवर बायोसचा पासवर्ड सिस्टीम ॲडमिनकडे असेल, तर तुमच्या हातात काहीच नाही.

आणि हे उत्तर काळानुसार बदलतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने, असुरक्षित बूट घटक नाकारायची नोंद मशीनच्या फर्मवेअरमध्ये टाकली. त्यानंतर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना. असं झालेल्या मशीनला जुना शिम असलेला पेनड्राइव्ह लावला तर तोही नाकारला जातो. पेनड्राइव्हवरचा एकही बाइट बदललेला नसतो. मशीन बदललेलं असतं, म्हणून "चालतो का" याचं उत्तर बदलतं.

तिसरं उत्तर: "लॅपटॉपमध्ये ग्रब आहेच"

समजा आतल्या डिस्कवर आधीच लिनक्स आहे. मग तिथला ग्रब पेनड्राइव्हवरचा कर्नल शोधून सुरू करू शकतो, आणि पेनड्राइव्हवर बूटलोडर नसला तरी चालतं. हेही खरं. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम आपोआप शोधायची सोय मुळात बंद ठेवलेली असते. ज्या डिस्ट्रोने ती परत चालू केलेली नाही, तिथे ती आपणच चालू करायची.

मोठी अडचण वेगळीच आहे. पेनड्राइव्हवर लिनक्स टाकायचं कारण काय होतं? तो खिशात घालून कुठेही नेता यावा. या उत्तराप्रमाणे वागलं, तर पेनड्राइव्ह त्याच एका लॅपटॉपला बांधला जातो. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण ते विचारणाऱ्याचा हेतू बाजूला ठेवून दिलेलं आहे.

इन्स्टॉलरची ती एक ओळ

आता माझा मुख्य आक्षेप. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे युबिक्विटीमध्ये, हाताने पार्टिशन करायच्या पानावर खाली एक ओळ असायची: "डिव्हाइस फॉर बूट लोडर इन्स्टॉलेशन". पुढे डिस्कची यादी. जवळपास प्रत्येक मार्गदर्शकात सांगतात, तिथे तुमचा यूएसबी निवडा.

बायोसच्या काळात ही ओळ अगदी सार्थ होती. डिस्क निवडली की त्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ग्रब जायचा. यूईएफआयमध्ये मात्र "डिस्कवर बूटलोडर" अशी गोष्टच उरली नाही. तिथे एक पार्टिशन असतं, त्यातली एक फाइल असते, आणि फर्मवेअरमधली एक नोंद असते. ओळ तीच राहिली, तिच्यामागचा अर्थ सरकला. त्याहून वाईट म्हणजे, यूईएफआय मोडमध्ये यादीतून यूएसबी निवडला तरी इन्स्टॉलर तो न मानता, सापडलेल्या पहिल्या ईएसपीमध्ये फाइली टाकायचा. ती बहुधा आतल्या डिस्कवरची असायची. ही तक्रार २०१४ पासून उबुंटूच्या बग यादीत नोंदलेली आहे.

परिणाम काय झाला ते आता जुळवता येईल. ग्रबची फाइल आतल्या डिस्कवर, पण तिला लागणारी बाकीची माहिती पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह काढला की आतला ग्रब सुरू होतो, त्याला त्याची फाइल सिस्टीम सापडत नाही आणि प्रॉम्प्टवर थांबतो. पेनड्राइव्ह दुसरीकडे नेला तर त्याच्यावर सुरू करण्यासारखं काहीच नाही. एकाच कारणाने दोन्हीकडे बिघाड. आतल्या डिस्कवर आधीच उबुंटू असेल तर दोघांच्या फाइली एकाच नावाच्या फोल्डरात जातात आणि जुन्या फाइलींवर नव्या लिहिल्या जातात.

दिलासा एवढा की विंडोजचा स्वतःचा बूट मॅनेजर त्याच ईएसपीमध्ये मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात शाबूत असतो. लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यू उघडून "विंडोज बूट मॅनेजर" निवडला की विंडोज येतं. डेटा कुठेही गेलेला नसतो. फॉरमॅट करायची अजिबात गरज नाही.

इन्स्टॉलरच्या बाजूनेही बोलायला हवं. बहुतेक लोक आतल्या डिस्कवरच लिनक्स टाकतात, तिथे ईएसपी एकच असते आणि पहिली सापडलेली तीच योग्य असते. पण मग तो पर्याय राखाडी करून ठेवायला हवा होता, किंवा "फाइली या पार्टिशनमध्ये जातील" असं स्पष्ट दाखवायला हवं होतं. निवड करायला देऊन ती न मानणं याचं समर्थन होत नाही. २३.०४ पासून उबुंटूने मुख्य इन्स्टॉलर बदलला. तरी तो जुना सल्ला अजून फिरतोय, आणि वाचणाऱ्याला वाटतं की यादीत यूएसबी निवडला म्हणजे काम झालं.

संशोधनात याला वैधतेचा प्रश्न म्हणतात. प्रश्नावलीवर "समाधान मापन" असं लिहिलंय म्हणून ती समाधान मोजतेच असं नाही. नाव एक, मोजमाप दुसरं, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

"इन्स्टॉल" म्हणजे नक्की काय?

प्रश्नातला दुसरा शब्दही सैल आहे. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर उतरवून लाइव्ह यूएसबी बनवणं वेगळं आणि पेनड्राइव्हला डिस्क समजून त्यावर पूर्ण लिनक्स टाकणं वेगळं. पहिल्या प्रकारात बूटलोडर आयएसओतच बांधलेला असतो, तुम्हाला वेगळं काही करायचं नसतं. या लेखातली सगळी चर्चा दुसऱ्या प्रकाराची आहे. कोणी "मी तर काहीच केलं नाही, तरी चालतंय" असं म्हणालं, तर आधी विचारा, लाइव्ह आहे की पूर्ण इन्स्टॉल?

मग करायचं काय?

आधी माहिती घ्या. इन्स्टॉलर ज्या मोडमध्ये सुरू केला त्याच मोडचं लिनक्स बसतं. लाइव्ह लिनक्समध्ये सिस फोल्डराच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरात ईएफआय नावाचं फोल्डर दिसलं तर तुम्ही यूईएफआय मोडमध्ये आहात, नसलं तर जुन्या मोडमध्ये.

दुसरं, पेनड्राइव्हवर त्याची स्वतःची ईएसपी बनवा. लॅबमध्ये जुनी मशीन असतील तर बायोससाठीचं १ एमबीचं पार्टिशनही ठेवा. दोन्हीकडचा ग्रब एकाच पेनड्राइव्हवर सुखाने राहतो.

तिसरं, इन्स्टॉलरला आतली डिस्क दिसूच देऊ नका. डेस्कटॉप असेल तर तिची केबल काढा. लॅपटॉप उघडायचा नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये ईएफआय चालू करून फक्त यूएसबी जोडा आणि तिथून इन्स्टॉल करा. तेही जमत नसेल, तर इन्स्टॉलेशनपुरती आतल्या ईएसपीवरची बूट आणि ईएसपी ही खूण काढून ठेवायची, काम झालं की परत लावायची. खूण परत लावायला विसरू नका.

चौथं, फाइल त्या ठरलेल्या जागी आहे ना ते बघा. ग्रब-इन्स्टॉल कमांडला "रिमूव्हेबल" हा पर्याय याचसाठी आहे. काही डिस्ट्रो ही प्रत आपणहून ठेवतात, काही ठेवत नाहीत, म्हणून डोळ्यांनी खात्री करा. सिक्युअर बूट चालू ठेवायचा असेल तर त्या जागी शिम हवा आणि ग्रब त्याच्या शेजारी हवा.

शेवटी दोन चाचण्या करा. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू करा. मग पेनड्राइव्ह दुसऱ्या, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या मशीनवर सुरू करा. "माझ्याकडे चालतंय" एवढ्याने दोन्हीपैकी एकही गोष्ट सिद्ध होत नाही. पहिली चाचणी लॅपटॉप पेनड्राइव्हवर अवलंबून नाही हे दाखवते, दुसरी पेनड्राइव्ह लॅपटॉपवर अवलंबून नाही हे दाखवते. ज्या चाचणीत आपलं म्हणणं खोटं ठरू शकतं, तीच करून बघण्यात अर्थ आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न नव्याने विचारून बघा. "मला पेनड्राइव्हवर पूर्ण लिनक्स हवं आहे. ते माझ्या यूईएफआय लॅपटॉपवर आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवर चालायला हवं. सिक्युअर बूट चालू आहे. फर्मवेअर कुठली फाइल उचलेल, ती कुठल्या डिस्कवर असेल आणि कर्नलला सूचना कोण देईल?" प्रश्न लांबला खरा, पण याला तीन अनुभवी माणसं तीन वेगळी उत्तरं देणार नाहीत. तुमच्या संशोधनाचा प्रश्न गाइडसमोर मांडण्याआधी त्यालाही एकदा असंच लांब करून बघा, आणि कुठल्या अटी तुम्ही न बोलता धरल्या होत्या ते वहीत लिहून काढा.